खुर्चीतली आई
उदबत्तीचा वास आला की दिवा स्टेशनजवळची आमची खोली आठवते. ठाण्यात आईच्या खुब्याचं रोबोटिक ऑपरेशन झालेलं, बाबांच्याच हट्टाने. दोघांना पुन्हा संध्याकाळी फिरायला जायचं होतं. आई घरी आली आणि त्याच आठवड्यात बाबा झोपेतच गेले. त्यांना जमिनीवर ठेवलं, बायका भोवती बसल्या. आई मात्र प्लॅस्टिकच्या खुर्चीत, कारण डॉक्टरांनी खाली बसायला, वाकायला सक्त मनाई केलेली. "मला खाली बसवा गं," ती म्हणत राहिली. "अगं, सांधा निखळेल," मावशी रडत म्हणाली. आईचा हात बाबांपर्यंत पोचेना. शेवटी नेताना आम्ही त्यांना तिच्या खुर्चीजवळ उचलून धरलं, तेव्हा तिने त्यांच्या गालावरून हात फिरवला. आता आई काठीशिवाय चालते. संध्याकाळी फिरायला चल म्हटलं की म्हणते, "कुठे जायचंय आता मला."