कर्नाळ्याचा राहिलेला सुळका

संक्रांतीची बाकीची कामं उरकून सकाळी तीळ भाजायला घेतले, आणि त्या खमंग वासासरशी मी एकदम कर्नाळ्याच्या जंगलात पोचले. चरफडतच पोचले.

ऐंशीच्या दशकातला जानेवारी होता. साताऱ्याहून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला काही महिनेच झाले होते. दुपारच्या आत वरच्या सुळक्यापाशी न्यायचं बाबांनी मला कबूल केलं होतं. सावलीतली पायवाट गार होती, पायाखाली वाळकी पानं चुरचुरत होती आणि मी सगळ्यांच्या पुढे होते.

आईने मात्र तिळगुळाचा डबा बरोबर घेतला होता. सणाचे दिवस, भेटेल त्याला द्यायलाच हवा, म्हणून उतरणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवत होती. त्यात एक बाई निघाल्या कोरेगावच्या.

"अगं बाई, म्हणजे माझ्या माहेरच्याच की तुम्ही!" म्हणत आईने दगडावर बसकण मारली.

"आई, चल ना!"

"आले गं. तू हो पुढं."

"एकटीने जायचं नाही," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी बुटांच्या नाड्या सैल केल्या, तेव्हाच सुळका हातचा गेला हे मला कळलं. मी रागाने काटक्या मोडत बसले.

वाशीत आई आमच्याखेरीज कुणाशी बोलत नसे. त्या दिवशी ती जंगलभर ऐकू जाईल अशी हसत होती. आज मीसुद्धा तिला तिथून उठवणार नाही. पण सुळका राहिला तो राहिलाच, आणि त्याची चिडचिड अजून होते.