शेळीचे वरचे दात

गेल्या नोव्हेंबरात माणिकराव सरवदे यांनी फळ्यावर मुद्दाम एक चूक लिहिली आणि मनाशी ठरवले, महिनाअखेरपर्यंत ती एकाने जरी दाखवली तरी फळा चालू ठेवायचा. कोणीच बोलले नाही, तर खडूचा डबा विहाराच्या कपाटात ठेवून द्यायचा आणि पुण्याला मुलाकडे कायमचे निघून जायचे. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. मला ती कळली तीस तारखेला, सकाळी पावणेनऊला.

घाटनांदूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे घर आहे आणि समोरच बुद्धविहार. माझे यजमान रेल्वेत होते. इथे बदली झाली, निवृत्तीनंतर इथेच घर बांधले. ते जाऊन चौदा वर्षे झाली. माझी खुर्ची खिडकीशी असते आणि खिडकीतून विहाराच्या भिंतीवरचा फळा स्वच्छ दिसतो. वरच्या भागात वंदनेची वेळ, पौर्णिमेचा कार्यक्रम असे लिहिलेले असते. खालचा भाग माणिकरावांचा. तिथे रोज एक ओळ, फार तर दोन. वर मथळा: ‘आजचे नवल’.

माणिकराव इथल्या हायस्कुलात प्रयोगशाळेत परिचर होते. नळ्या धुणे, स्पिरिटचे दिवे भरणे, बेडकाच्या बाटलीतले पाणी बदलणे, अशी तेहतीस वर्षे नोकरी. शिकवत मास्तर असत, पण ऐकत माणिकराव उभे असत. त्यातली एक गोष्ट ते रोज संध्याकाळी घरी नेत. त्यांच्या पत्नी भिमाबाई चुलीपुढे बसल्या-बसल्याच विचारायच्या, “आज काय नवल?” मग माणिकराव सांगायचे की मुंगीला फुप्फुसे नसतात, किंवा शुक्रावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षापेक्षा मोठा असतो. भिमाबाई म्हणायच्या, “मंग तितल्या बाईला दिवसभर किती भाकरी थापाव्या लागत असतील.”

भिमाबाई गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यात फळा सुरू झाला. याला अकरा वर्षे झाली.

पहिली दोन-तीन वर्षे फळ्यापुढे माणसे थांबत. त्यातली एक सकाळ मी जशी ऐकली तशी लिहून ठेवली आहे. ओळ होती : ‘सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले.’ आमच्या बालाघाटच्या डोंगरात जिकडे पाहावे तिकडे सीताफळ. नाथा मेंढपाळ खांद्यावर काठी आडवी टाकून उभा होता. त्याला कोणीतरी ती ओळ वाचून दाखवली.

“सीतामाईचं फळ अमेरिकेचं कसं हुईल? कायबी लिव्हता का, बापू?”

“मिरची बी तिकडचीच हाय,” माणिकराव म्हणाले.

“मंग आमचे पणजे काय खात व्हते?”

“त्याच्याबी आधीचे म्हण. मिरे खात व्हते. परवडले तर.”

“आन् न्हाई परवडले तर?”

“तर तुझ्यासारखं रस्त्यात हुबं राहून भांडत व्हते.”

नाथा हसत हसत गेला आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन भांडायला आला. सतरा सप्टेंबरला माणिकरावांनी लिहिले होते की देश स्वतंत्र झाला त्यानंतर तेरा महिने आपण निजामाच्याच राज्यात होतो. तेव्हा कॉलेजची मुले वहीत उतरवून घेत होती.

मग हळूहळू हे सगळे बंद पडले. माणसे तीच होती, रस्ताही तोच. नाथा आता मान खाली घालून मोबाइल बघत शेळ्यांच्या मागे चालतो. मागच्या वर्षी फळ्याशेजारच्या खांबाला कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला, त्याने फळ्याचा वरचा कोपरा झाकला गेला. वाढदिवस होऊन गेला, फ्लेक्स राहिला. माणिकराव रोज सकाळी तो बाजूला सारून सुतळीने बांधत, वाऱ्याने तो पुन्हा सुटे.

मी मात्र रोज उतरवून घेत होते. हैदराबादच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी लावलेली रोजनिशीची सवय अजून सुटलेली नाही. तारीख, हवा, दूध किती, पत्र किंवा फोन, आणि शेवटी माणिकरावांचे नवल. माझ्या घरी दिवसभरात दुसरे कोणी काही सांगायला येत नाही, त्यामुळे तेवढी एक ओळ मला लागायची. पण हे मी त्यांना कधी सांगितले नाही. नमस्कार व्हायचा. ते ‘जय भीम, ताई’ म्हणायचे, मी मान हलवायची. रस्ता तीस पावलांचा असेल. अकरा वर्षांत मी तो त्या बाजूला ओलांडला नव्हता.

चार नोव्हेंबरला, सोमवारी, फळ्यावर आले : ‘शेळीला वरच्या जबड्यात पुढे आठ दात असतात.’ मी लिहून घेतले. पाच तारखेला फक्त तारीख बदलली, ओळ तीच. मी लिहिले, ‘कालचेच.’ सहाला तेच, सातला तेच. ते रोज वेळेवर येत, ओल्या फडक्याने नुसती तारीख पुसत, नवी घालत आणि पायरीवर बराच वेळ बसून राहत. मला वाटले, बरे नसेल, नवीन सुचत नसेल. विचारावे असे दोनदा मनात आले. विसाव्या दिवशी तर मी चपला घातल्या होत्या. मग वाटले, इतक्या वर्षांनी एकदम काय म्हणून जायचे? पुन्हा काढून ठेवल्या.

तीस तारखेला सकाळी सत्यभामा दूध घेऊन आली. सत्यभामा ही नाथाची बायको. मला गाईचे दूध सोसत नाही म्हणून ती शेळीचे अर्धा लिटर आणून देते. शाळेत ती कधी गेली नाही.

“काकू, रोज त्या फळ्याकडं बघून काय लिव्हता वो?” भांड्यात दूध ओतताना तिने विचारले.

मी रोजनिशी उघडून वाचून दाखवले. तिने भांडे खाली ठेवले.

“परत वाचा.”

मी परत वाचले. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की दारातली तिची शेळी दचकली.

“कोन्या येड्यानं लिव्हलं? शेळीला वर पुढं दात आस्त्यात व्हय?”

“नसतात?”

“एवढ्या शिकलेल्या तुमी, आन् वरीसभर दूध पिता तिचं.” तिने शेळीचे तोंड दोन्ही हातांनी उघडले. “टाका बोट. टाका, चावत न्हाई. चावायला वर हायेच काय?”

मी बोट घातले. खाली दात होते, सरळ ओळीत. वर हिरडीच, टाचेच्या कातडीसारखी टणक. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला हे कळले.

“गाईला तरी असतील,” मी म्हणाले.

“गाईलाबी न्हाई, म्हशीलाबी न्हाई. हे तर शेंबडं पोरगंबी सांगंल.”

खिडकीतून पाहिले तर माणिकराव फळा पुसत होते. फक्त तारीख नाही, अख्खा. फडके वरून खाली, वरून खाली. पायरीवर खडूचा डबा झाकण लावून ठेवलेला होता. मी रोजनिशी घेतली आणि चपला घालून निघाले. “दूध झाकून तरी ठिवा,” असे सत्यभामा मागून म्हणत होती.

माणिकराव मला पाहून बाजूला झाले. त्यांना वाटले मला विहारात जायचे आहे.

“माणिकराव, शेळीला वरचे पुढचे दात नसतात.”

त्यांनी फडके खाली केले.  मग पायरीवर बसले आणि तिथेच मला चूक, महिना, कपाट, पुणे, सगळे सांगितले. “माझा प्रवीण दोन वर्सं झालं पुन्याला बोलावतोय. म्हन्लं, इथं शेळ्या राखनारं गाव. त्याह्यलाबी दिसंना, म्हंजे कुनी वाचीतच न्हाई. मंग कुनासाठी लिव्हायचं?”

“मी वाचत होते. मला चूक कळली नाही, एवढेच.”

मी रोजनिशी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाने उलटली. ‘कालचेच’, ‘कालचेच’, ‘कालचेच’.

“घरी अशा आणखी दहा आहेत,” मी म्हणाले. “शुक्राचे तुम्ही दोनदा लिहिले आहे. एकदा सोळा साली, एकदा एकवीस साली.”

“मंग बोलला कावून न्हाई, ताई?”

 मी म्हणाले, “तुम्ही लिहिले म्हणजे खरेच असणार, असे धरून चालले होते.”

“हेच चुकलं माझं,” ते म्हणाले. “विश्वास ठिवनाऱ्याला चूक दिसत न्हाई, हे ध्यानातच आलं न्हाई.” मग त्यांनी विचारले, “ही चूक धरली कुनी?”

“सत्यभामेने.”

“नाथाच्या? तिला कुठं वाचता येतं?”

“मी वाचून दाखवले.”

त्यांनी डब्याचे झाकण काढले. फळा अजून ओला होता, खडू नीट उठत नव्हता. ते वाळेपर्यंत थांबले. मग लिहिले : ‘दुरुस्ती. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. चूक दाखवणारी : सत्यभामा, घाटनांदूर.’

एवढ्यात अंबाजोगाईची बस आली. पाच-सहा जण उतरले आणि फळ्यासमोरून निघून गेले. एकानेही वर पाहिले नाही. माणिकरावांनी त्यांच्याकडे पाहिले, मीही पाहिले.

सत्यभामा शेळीची दोरी धरून रस्ता ओलांडून आली. मी तिला वाचून दाखवले.

“माझं नाव? कुठंय?”

माणिकरावांनी दाखवले. तिने जवळ जाऊन त्यावर बोट ठेवले. ‘स’ थोडा पुसला गेला आणि तिच्या बोटाला पांढरे लागले.

“गेलं का?”

“न्हाई गेलं. ऱ्हाऊ दे तसंच.”

“सांच्याला शेजारच्या रतनबाईला आनते दाखवायला,” ती म्हणाली. “तिला माझं खोटं वाटंल, म्हनून तुमी दोघं इथंच ऱ्हावा.”

पुण्याचे काय, हे मी विचारले नाही. माणिकरावांनी डबा कपाटात न नेता रोजच्यासारखा पिशवीत टाकला, एवढे पाहिले.

घरी आले तेव्हा दूध झाकलेले होते. सिस्टर सांगायच्या, चूक खोडताना एकच रेघ मारावी, खालचे वाचता आले पाहिजे. मी चार तारखेच्या ओळीवर रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहिली, आणि पुढच्या पंचवीस ‘कालचेच’वरही तशीच. सव्वीस रेघा. पट्टी धरून, सावकाश. सत्यभामा रतनबाईला घेऊन येईपर्यंत वेळ काढायचाच होता.