सखुबाईसाठी घेतलेला दगड

कलाबाई मूळची खानदेशातली, पारोळ्याकडची. नवरा कापडाच्या लूमवर कामाला, राहायला सुरतेत, आमच्याच भेस्तानच्या चाळीत. लग्नसराईत ती, मी, सखुबाई अशा नऊ बायका बन्सीलाल ठेकेदाराकडे भाजी कापायला जायचो. सुरतेत लग्नाच्या कार्यालयाला वाडी म्हणतात. सकाळी सहाला टेम्पो आम्हाला वाडीवर सोडायचा. समोर सुरण, रताळी, बटाट्यांचे ढीग. चाकू ठेकेदाराचे, आणि इतके बोथट, की टोमॅटो कापला जाण्याआधी चेपायचा.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात सुरण कापताना सखुबाईचा चाकू सटकला. डाव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत चिरली. धारेचा चाकू भाजीत शिरतो, बोथट चाकू घसरून हातात शिरतो. कापणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक असतं. बन्सीलालने रक्त पाहिलं आणि आधी सुरण उचलायला सांगितलं. मग म्हणाला, "लक्ष कुठे असतं तुमचं? उद्यापासून हिला आणू नका."

"धार लाव, धार लाव म्हणून दिवाळीपासून कोण बोंबलतंय?" कलाबाई उभी राहून ओरडली. बन्सीलाल तोवर पाठ फिरवून गेलासुद्धा.

सखुबाईला सात टाके पडले. टाके निघाले तरी बोटं मिटेनात. ती घराबाहेर पडेना. भेटायला जायचं तर बाकीच्या बायका केळी-बिस्किटं नेत होत्या. कलाबाई मला म्हणाली, "केळी खाऊन काय होणार? तिला धार लावायचं चांगलं साधन देते. चल बाजारात."

चौटा बाजारातल्या दुकानदाराने लाल प्लॅस्टिकचं एक यंत्र काढलं. त्यात दोन बारक्या चकत्या. "बेन, दोनदा ओढा, चाकू नवा!"

कलाबाईने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला घरचा चाकू काढला आणि एक टोमॅटोही. पाच-सहा वेळा पातं ओढलं, टोमॅटोवर टेकवलं. साल फाटली.

"हे धार नाही लावत, पातं कुरतडतंय."

"तुम्हा खानदेशी लोकांना धारेतलं काय कळतं?" तो हसला.

कलाबाईचा चेहरा लालबुंद झाला. "तुझ्या घरच्या लग्नातल्या उंधियूची भाजी आम्हीच कापली असेल! दगड काढ. खेळणी नको."

त्याने तीन दगड ठेवले. तिने पहिल्यावर बोटाने टकटक केलं. आवाज बद्द आला, म्हणजे आत चीर. दुसरा काचेवर ठेवला तर डुगडुगला. तिसरा सपाट बसला. एक बाजू खरबरीत, दुसरी नखाला गुळगुळीत लागणारी. तिने पाणी मागितलं, दगड भिजवला, पातं तिरपं धरून आधी खरबरीत बाजूवर फिरवलं, मग गुळगुळीत. टोमॅटोची चकती अशी उतरली, की पलीकडचं दिसावं.

"हाच दे," ती म्हणाली.

सखुबाईने दगड पाहिला आणि भडकली. "आते हाऊ दगड माले काय कामना?"

"उजवा हात शाबूत शे ना तुना?" कलाबाई तितक्याच जोरात म्हणाली. तिने ओलं पोतं अंथरून त्यावर दगड बसवला, म्हणजे तो हलणार नाही आणि दुसऱ्या हाताने धरावा लागणार नाही. "तू धार लाव. कापायला आम्ही आहोत."

पुढच्या लग्नाला तिने सखुबाईला टेम्पोत बसवलं. वाडीत आम्ही आमचे चाकू तिच्यापुढे ठेवले. बन्सीलाल धावत आला. "हिला कोणी आणलं?"

"मी. धार नाही तर कापणं नाही. आणि धार लावणार हीच."

दुपारी आठशे पान जेवायचं होतं. बन्सीलालने घड्याळ पाहिलं. "दगड राहू दे. बाई नको."

कलाबाई उठली. "उठा गं सगळ्या."

तिघी उठल्या. चौघी बसून राहिल्या, त्यांतली एक मी. नवऱ्याचा लूम दोन महिने बंद होता, घरात माझंच काम चालू होतं. मी मान खाली घालून बटाटा हातात घेतला.

"बाजारात माझ्याबरोबर तू होतीस," कलाबाई म्हणाली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सखुबाईने दगड पदरात घेतला. "हा माझा आहे," असं बन्सीलालला ऐकवून ती निघाली. आम्ही चौघी त्याच बोथट चाकूंनी कापत राहिलो. जेवण तीन वाजता वाढलं गेलं आणि मुलीच्या बापाने सगळ्या मांडवासमोर बन्सीलालला फैलावर घेतलं. त्यानंतर प्रत्येक लग्नाआधी तो चाकू धारवाल्याकडे पाठवू लागला. कलाबाई मात्र त्याच्याकडे परत गेली नाही. ती आणि सखुबाई उधन्याच्या एका खानावळीत लागल्या. एक कापायची, दुसरी पोळ्या शेकायची आणि धार लावायची.

माझ्याशी कलाबाई वर्षभर बोलली नाही. नळावर मी दिसले की पाठ करायची. शेवटी एका सकाळी मला राहवलं नाही. म्हटलं, "कलाबाई, माझं चुकलं."

"चुकलं नाही. घाबरलीस," ती म्हणाली. "तू, मी, सगळ्या घाबरतो म्हणून तर बन्सीलालचं फावतं. या घाबरण्याचाच राग येतो मला."

आणि भरलेली बादली उचलून निघून गेली.