रमणचा माईक शांत झाला ती दुपार

रमणला आम्ही गेममधून काढून टाकलं, तेव्हा तो मरत होता.

आज वर्ष झालं. वर्षभर हे वाक्य मी कुणाजवळच बोललो नाही.

परवा एका ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला, "पीसी आणि मोबाईलपुढे कन्सोल टिकेल का?" खाली नेहमीप्रमाणे सगळ्यांची हमरीतुमरी.
मी मात्र तो व्हिडिओ उघडलाच नाही. हाच वाद मी रमणशी घातला होता. आणि जिंकलो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खापरला, गुजरात सीमेजवळच्या आमच्या गावी, आमच्या किराणा दुकानामागे एक खोली आहे. साखरेची पोती, तेलाचे डबे, जुना टीव्ही, आणि तेव्हा सुरतच्या मामांनी दिलेला सेकंडहँड कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा.
कंट्रोलर दोन. खेळणारे तिघं. मी, भूषण आणि रमण.
नियम एकच, हरला तो उठणार.

रमण उठायचाच नाही.
"हाई बटन अटकस भो, मी हारना नही!"

रमण सातपुड्यातल्या पाड्यावरचा. घरी भिली बोलणारा. खापरला शिकायला आला आणि दोन वर्षांत आमच्यापेक्षा तिखट अहिराणी बोलायला लागला. शिव्या तर विचारूच नका.

त्याला सिकलसेल होता. रक्ताचा आजार. एकदम अंगात कळा सुरू होतात, आणि दवाखाना वेळेत गाठला नाही तर काही खरं नसतं. आमच्या भागात घरोघरी माहीत आहे हे.

दुखतंय असं रमण कधीच म्हणायचा नाही. मानी गडी.
पण त्या खोलीत जागाच एवढीशी, की खेळताना त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला असायचा. तो खांदा ताठ झाला की मला कळायचं. मग तो कंट्रोलर हळूच गादीवर ठेवायचा. भूषण पाणी आणायला पळायचा, मी बाईक काढायचो. अक्कलकुव्याच्या दवाखान्यात सलाईन लागली की साहेब दुसऱ्या दिवशी परत शिव्या द्यायला हजर.

असं चार वेळा झालं. चारही वेळा आम्ही वेळेत पोचलो.

पुढे भूषण नोकरीला नाशिकला गेला, त्याने पीसी घेतला. रमण शेती बघायला पाड्यावर परतला. नवे गेम आमच्या जुन्या डब्यावर चालेनात.
मी म्हटलं, सोड आता. कन्सोलचा जमाना गेला. फोन काढ, तिघं आपापल्या घरून खेळू.

तो नकोच म्हणत होता.
"मोबाईलमा तुन्हं तोंड दिखस नही भो. चिडवानी मजाच नही."
"चिडवाले माईक शे ना!"

कन्सोल मी विसरवाडीच्या एका ढाबेवाल्याला देऊन टाकला. रमण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर गेम टाकला त्याने. माझ्यासाठी.

ती रविवारची दुपार.
मी दुकानात गल्ल्यामागे, भूषण नाशिकला, रमण पाड्यावर घरी. त्याच्या घरचे सगळे शेतात.
खेळता खेळता माईकवर त्याचा आवाज आला, "थांबा. जरा थांबा."
मग काहीच नाही.

त्याचा खेळाडू एका भिंतीआड नुसता उभा.

आमच्याकडे सीमेवर फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो, कधी गुजरातचा, कधी कुठलाच नाही. त्यामुळे माणूस बोलता बोलता गप्प झाला की आम्ही त्याला तब्येत विचारत नाही. टॉवर विचारतो.

"टॉवर गया रे त्याना," मी म्हटलं.
"काढ त्याले, दुसरा घे," भूषण हसत म्हणाला.

मी काढलं. एका बोटाने. जागेवर कुणी अनोळखी आला, आणि आम्ही ती मॅच जिंकलो.

मग मी रमणला मेसेज टाकला, "टॉवरखालीच घर बांध आता."
लगेच मेसेज पोचल्याच्या दोन टिका पडल्या.

दोन टिका. म्हणजे त्याचं नेटवर्क चालू होतं.
मी त्या टिका पाहिल्या. गिऱ्हाईक आलं, फोन ठेवला, साखर तोलली.

संध्याकाळी रमणचे वडील शेतातून आले तेव्हा तो खाटेवर वाकडा पडला होता. जीप मिळेपर्यंत अंधार झाला. सकाळी दवाखान्यात त्याने जीव सोडला.

अंत्यविधीनंतर काकांनी, रमणच्या वडिलांनी, मला बाजूला घेतलं.
"तू तं त्यानासंगे खेळी ऱ्हायना व्हता ना? त्यानी काहीच सांगं नही का?"

मी म्हटलं, "नेटवर्क नव्हतं, काका."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला माझ्यावर.

तेव्हापासून कुणी फोनवर क्षणभर गप्प झालं तरी मी त्याला नावाने हाका मारत सुटतो. मम्मी बाथरूममध्ये असली तर मी दार वाजवतो. भूषणला दिवसातून तीनदा विचारतो, बरा आहेस ना? तो चिडायचा आधी. आता चिडत नाही. तो गेमचं नावही काढत नाही.

कन्सोल टिकेल की नाही, मला माहीत नाही. पुढे जाणारे पुढे जातील. मला फक्त त्या खोलीत परत जाऊन बसायचंय, आणि ते होणार नाही.

आज दुपारी मी पाड्यावर जातोय. काकांना खरं सांगायला. ते काय म्हणतील याची भीती वाटते.

पण त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. काका म्हणाले होते, रमण सापडला तेव्हा हेडफोन त्याच्या कानातच होते.
मी त्याला काढेपर्यंत आमचं बोलणं त्याच्या कानात जात होतं. आमचं हसणंसुद्धा.

रमण, तुला मनापासून श्रद्धांजली भावा.
आमचं काहीच तुला ऐकू आलेलं नसू दे.