चुलीत घातलेला राब

गेल्या वर्षी जवळजवळ पाच महिने मी प्रार्थना केली नाही. जेवणाआधी हात जोडले नाहीत, रविवारी पांढरं पातळ नेसले नाही, पवित्र शास्त्र, आमचं बायबल, फडक्यात गुंडाळून भाताच्या कणगीमागे ठेवून दिलं. कोणी विचारलं असतं तर देव नाही असं मी म्हणाले नसते. तो आहे, पण त्याचं माझ्याकडे लक्ष नाही आणि माझंही त्याच्याशी काही काम उरलेलं नाही, असं मला वाटत होतं. अडुसष्ट वर्षांच्या बाईने हे लिहावं याची लाज वाटते, पण लिहायचंच तर खरं लिहायला हवं.

आमचं घर लुथरन ख्रिस्ती. मी खानदेशातली, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. मंडळीतल्या लोकांनी लग्न जमवलं आणि सतराव्या वर्षी मी मोखाड्याच्या या डोंगरातल्या पाड्यावर आले. सासरे तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात कामाला होते, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. पाड्यावर प्रभूचं नाव घेणारं घर आमचं एकट्याचं. बाकीची सहा घरं गावदेवाची आणि वाघोबाची. मला आधी भात लावता येत नव्हतं, नागलीची भाकरी थापता येत नव्हती. सगळं इथेच शिकले. चार मुलं झाली. दोन तान्ही असतानाच गेली, त्यांना मालकांनी आणि मी स्वतः खड्डा खणून पुरलं. मुलगी नाशकात नांदते. मालक जाऊन सात वर्षं झाली. उरला होता धाकटा, माझं शेंडेफळ, एकतीस वर्षांचा. त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं. माघात जव्हारच्या बाजाराहून येताना वळणावर त्याची मोटरसायकल घसरली. मी बघायला गेले तेव्हा त्याचा चेहरा धड होता. तेवढीच दया झाली.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा जव्हारहून जीपने येत. मातीच्या दिवशी त्यांनी फार चांगली प्रार्थना केली असं लोक सांगतात, मला त्यातलं काही आठवत नाही. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी त्यांना पडवीतही बसू दिलं नाही. म्हटलं, साहेब, आता येत जाऊ नका, तुम्हाला उगाच हेलपाटा. ते काहीतरी आशेचं बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. मुलगी फोनवर रडून रडून नाशकाला बोलवत होती, तिलाही मी नाही म्हटलं. माझ्या मनाशी एक पक्कं ठरलं होतं, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कणगीतलं भात दिवाळीपर्यंत पुरणार होतं. या वर्षी पेरायचं नाही. जो पेरत नाही त्याला पुढच्या वर्षी जगायचं नसतं. विहीर, दोरी असलं पाप मी करणार नव्हते. फक्त पेरायचं नाही, म्हणजे दिवाळीनंतर सगळं आपोआप संपेल.

आमच्याकडे भात पेरण्याआधी राब भाजावा लागतो. रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, झाडाच्या डहाळ्या, पाचोळा असे थर घालून वर माती पसरतात आणि पेटवतात. त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकलं की आवण, म्हणजे भाताची रोपं, जोमाने येतात. तीच मग आषाढात उपटून खाचरात लावायची. राब नाही तर आवण नाही, आवण नाही तर भात नाही. धाकट्याने जाण्याआधी आठ-दहा दिवस खपून डहाळ्या तोडल्या होत्या, भारे बांधून घरामागे रचून ठेवले होते. चैत्र लागला तशी पाड्यावर सगळीकडे राबाचा धूर दिसू लागला. मी ते भारे एकेक करून सोडले आणि चुलीत घातले. राबाचा पाला चुलीत घालणारी बाई या डोंगरात माझ्याआधी झाली नसेल. रोज त्याच्या हातची एक एक फांदी मोडायची आणि जाळायची. त्यातही मला एक वाईट सुख मिळत होतं.

शेजारची सखू माझ्याच वयाची. आमची दोघींची बाळंतपणं मागेपुढे झालेली. ती मला थट्टेने पाद्रीणबाय म्हणायची आणि मी ते हसून घ्यायची. एक दिवस ती चहाला आली आणि चुलीकडे बघतच राहिली.

"बाय, ह्यो तर राबाचा पाला. पोरानं तोडलेला."

"आता राब कोणासाठी भाजू?"

तिने अर्धी जळालेली एक फांदी बाहेर ओढली. मग म्हणाली, "एकदा भगताला ईचारून बघ. धडधाकट पोर असा गेला. कोन तरी देव रुसला असंल."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुमचे शेंदूर फासलेले दगड तुमच्यापाशी ठेव आणि माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. गंमत बघा, ज्या देवाशी मी स्वतः बोलत नव्हते त्याच्या वतीने भांडायला मात्र माझी जीभ तयार होती. खरं सांगायचं तर पन्नास वर्षं माझ्या मनात एक गर्व होता. हे लोक अंधारात आहेत, मी उजेडात आहे, असं मी समजत आले. दर रविवारी मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, पण ती वरून खाली बघून. सखू चहाचा कप तसाच ठेवून उठली. त्यानंतर ती आली नाही, आणि तिच्यामुळे दुसरंही कोणी आलं नाही. मला वाटलं, बरं झालं.

रोहिणीत सगळ्यांच्या पेरण्या झाल्या. पाऊस लागला. माझ्या राबाच्या तुकड्यावर गवत माजलं. दिवसभर मी पडवीत बसून राहायची. एका वेळेला थोडा भात शिजवायचा, तोही सगळा खाववत नव्हता. आषाढातल्या एका सकाळी खालच्या अंगाने बैलांना हाकारल्याचा आवाज आला. शेजारच्या खाचरात चिखलणी चालली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने डोक्यावर आवणाच्या हिरव्या पेंढ्या घेतलेल्या सहा-सात बाया माझ्या अंगणातून गेल्या. पुढे सखू होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सरळ खाली उतरल्या आणि माझ्याच खाचरात शिरल्या. खाचर चिखल करून तयार होतं, सखूचा नवरा बैल सोडत होता.

मी काठी टेकत बांधावर गेले. राग आला होता, आणि अपमानही वाटत होता. आवणी, म्हणजे लावणी, संपली की कोणाकडे थोडी रोपं उरतात, ती बांधावर टाकून देतात, गरजू उचलतात. मला ते वाटलं.

"सखू, उचल ते. उरलंसुरलं मला नको."

"उरलेला नाय, बाय," ती वाकूनच म्हणाली. "तुज्या वाटचा पेरलाय."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोण सांगंल? तू राब चुलीत घातलास, तवाच आमी साही घरांनी ठरवला. पेरताना दोन दोन ओंजळी जास्ती टाकल्या."

"मी तुला दारातून घालवलं होतं."

"व्हय, घालवलास," असं म्हणून ती पहिल्यांदा ताठ झाली आणि माझ्याकडे बघितलं. "म्हून काय तुजा खाचर पडिक ठेवायचा? चल, उतर खाली. हात चालव."

मी मटकन बांधावर बसले आणि रडले. मातीच्या दिवशी आलं नव्हतं तसं रडू आलं. बोर्डिंगात आम्हा मुलींकडून धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं पाठ करून घेत. कृपा म्हणजे काय, याचं उत्तर मी न अडखळता म्हणायची: मागितली नाही, कमावली नाही, तरी मिळते ती. बाईंनी मला त्यासाठी शाबासकीही दिली होती. आता त्या बांधावर मी मागचे दिवस आठवत होते. मी पाळकांना दारातून परत लावलं, सखूला बोलले, कणगीतलं भात बघून आपलं मरण ठरवलं, आणि त्याच दिवसांत माझ्या नावाचं बी सहा घरांच्या राबात रुजत होतं. मी नको नको म्हणत होते तेव्हाच माझं पेरून झालं होतं. ते मला कोणी कळवलंही नव्हतं. हा चमत्कार आहे की शेजारधर्म, ते मला ठरवता येत नाही. ठरवण्याची मला गरजही वाटत नाही.

मी चिखलात उतरले. कंबर धरली होती, तरी दोन ओळी लावल्या. बाया हसत होत्या, की पाद्रीणबायची ओळ वाकडी. त्या दिवशी जेवताना हात जोडले. शब्द आले नाहीत. नुसतेच जोडून बसले.

दुःख गेलेलं नाही. मुलगा परत आला नाही आणि का गेला हे मला समजलेलं नाही. काही दिवस अजून असे येतात की उठावंसं वाटत नाही. पाळकसाहेब पुन्हा येऊ लागलेत. ते विचारतात, विश्वास परत आला का? मी म्हणते, साहेब, तो माझ्याकडे कितपत आहे ठाऊक नाही, पण मी कोणाच्या तरी हातात आहे एवढं दिसलं. आता त्या हाताशी झगडत नाही.

यंदा मी राब भाजला. डहाळ्या सखूच्या नवऱ्याने तोडून दिल्या. पेरताना दोन ओंजळी जास्त टाकल्या. कोणाच्या नावाच्या, ते अजून मला माहीत नाही.