साडेतीन नंबरचा दात

सांगते, पण आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल. आणि गावात कुणाला बोलू नका. म्हणजे गावाला सगळं माहीत आहेच, पण तरी!

दिल्लीत राहून सामाजिक न्याय हा विषय शिकले आणि पावसजवळच्या आमच्या गावी परत आले, ती अन्याय शोधतच. आपल्या साध्या माणसांना आता कुणी फसवू शकणार नाही, मी आहे ना! गॅसवाल्याचा सिलिंडर मी हलवून बघायचे. नारळ मोजून घेणाऱ्यामागे उभी राहून मीही मोजायचे. काकी म्हणायची, "हिला देवानं डोळे दोनच दिले, पण संशय चार माणसांचा दिला."

तर अशातच आमच्या अण्णाकाकांचा दात तुटला. नारळाची शेंडी दातांनी ओढायला गेले. शेंडी राहिली नारळाला, आणि समोरचा अर्धा दात आला हातात.

यात काय मोठंसं, असं वाटेल तुम्हाला. अहो, अण्णाकाका म्हणजे गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालणारे! ते देवाला एकेक मागणं सांगणार आणि सगळा गाव एका सुरात 'व्हय महाराजा' म्हणणार, हा त्यांचा कित्येक वर्षांचा मान. आणि आता शिमगा तोंडावर, अन् तोंडात ही खिडकी! अंगणात त्यांनी एकदा म्हणून बघितलं, "फगळ्यांना फुखी ठेव रे महाराजा." गडग्यापलीकडून लगेच आवाज आला, "फोय महाराजा!"

काका घरात गेले ते जेवायलाही बाहेर येईनात. त्यातच खालच्या वाडीतल्या गोपाळतात्यांनी निरोप धाडला, "अण्णाला त्रास नको. यंदा गाऱ्हाणं मी घालतो." झालं! काकांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "काका, उठा. रत्नागिरीला जाऊ. मी आहे ना!"

दवाखान्यात डॉक्टरांनी नीट तपासलं. तरुण होते, शांत होते. मला तिथेच संशय आला.

"मूळ शाबूत आहे," ते म्हणाले. "रूट कॅनॉल करून वर कॅप बसवू. दात काढून इम्प्लांट करता येईल, किंवा शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज. पण आपला दात वाचतोय, तर कॅपच बरी."

आता मला सांगा, जो माणूस स्वतःहून साधा उपाय सुचवतो, त्याच्या मनात काहीतरी असणारच की नाही? मी नजर ठेवली. रूट कॅनॉल पार पडलं, तेव्हाही मी दाराशी उभी. मग कॅपचं माप घ्यायचा दिवस आला, आणि चोर सापडला!

आमच्या आधी मुंबईच्या एक बाई होत्या. गॉगल डोक्यावर, घरात लग्न, म्हणून समोरच्या दातांवर पातळ व्हेनिअर बसवून हवे होते. डॉक्टर आतून सहायक मुलीला म्हणाले, "मॅडमना ए-वन लिही."

मग काकांना खिडकीपाशी नेलं, ओठ वर करून बघितलं आणि म्हणाले, "काकांना ए साडेतीन."

ऐकलंत? मुंबईच्या बाईला ए-वन, आणि पावसच्या म्हाताऱ्याला साडेतीन नंबरचा माल! तीन नंबरचाही नाही!

"डॉक्टर," मी उठले, "यांना ए-वन का नाही?"

"काकांच्या रंगाला ते जाणार नाही, मॅडम. अगदी वेगळं—"

"रंगाला?"

माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "काका आयुष्यभर बागेत उन्हात राबले, काळे झाले, म्हणून त्यांना हलका दात? रंग बघून दर्जा ठरवता तुम्ही?"

"अहो, तसं नाही. हे बघा, मी दाखवतो—" त्यांनी खणातून दातांची एक पट्टी काढली.

"सँपल नका दाखवू! सँपल सगळ्यांचंच चांगलं असतं."

"बाय," काका आ वासलेल्या तोंडानेच म्हणाले, "डाक्तर काय फांगतोय ते तरी ऐक."

"तुम्ही गप्प बसा काका, मी तुमच्या आवाजासाठी लढतेय!"

एव्हाना बाहेरची माणसं दारात जमली होती. सुजलेला गाल पदराने दाबून पूर्णगडची एक मासेवाली मावशी पुढे आली. "काय गो, आमाला साडेतीन नंबरचा देतात काय? मला पण ए-वनच पायजे हां!"

"मावशी, तुमची तर दाढ काढायचीय," डॉक्टर म्हणाले.

"काढा ना! पण ए-वन काढा!"

डॉक्टरांनी पट्टी खणात टाकली आणि काकांकडे बघितलं. काकांनी हात जोडले. "ती फिकलेली हाय. ती म्हणंल ते."

जिंकले की मी! परतताना मी काकांना हक्क या विषयावर पावस येईपर्यंत भाषण दिलं.

कॅप बसवायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आधी तात्पुरत्या सिमेंटने लावतो. घरी जाऊन सगळ्यांना दाखवा. नाही आवडली तर बदलता येईल."

तात्पुरतं! बघा, एक डाव फसला तर दुसरा तयार. म्हणजे कॅप पडणार, आणि आम्ही पुन्हा यांच्या दारात.

"पक्कं लावा," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

"काका, नक्की?"

काकांच्या तोंडात कापूस. त्यांनी नुसता अंगठा माझ्याकडे केला.

लावलं पक्कं. काकांना आरसा दिला, पण चष्मा घरी राहिलेला. त्यांनी जिभेने चाचपून बघितलं. "दात हाय ना? झालं." आणि समाधानाने हसले.

अगं आई गं!

काकांचे बाकीचे दात म्हणजे तंबाखू आणि चहावर मुरलेले, पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखे. आणि त्यांच्या मधोमध ओल्या खोबऱ्याची कातळी! हसले की आधी दात दिसायचा, मग काका.

डॉक्टरांनी ती पट्टी काढून माझ्या हातात दिली. ओळीने छोटे दात, पहिला पांढरा, पुढे पिवळट होत गेलेले. "हे नंबर रंगाचे आहेत, मॅडम. दर्जाचे नाहीत. माल सगळ्यांना एकच. साडेतीन त्यांच्या बाकीच्या दातांत मिसळून गेला असता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी पट्टी माझ्याकडून घेतली आणि मागच्या वेळेसारखीच खणात टाकली.

पक्की कॅप आता कापूनच काढावी लागणार होती. नवी करून यायला वेळ, आणि पालखी तर दारात. काकी म्हणाली, "रात्री तोंड मिटून निजा हो, पाखरं येतील उजेडाला." मला वाटलं, काका आता काही घराबाहेर पडत नाहीत. पण ते चष्मा लावून आरशासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सगळ्यांना सुखी ठेव." दोन्ही स खणखणीत! मग कुणाच्या बापाला ऐकतात?

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, बसली. काका पुढे झाले, तसे गोपाळतात्या ओरडले, "अरे, ती बत्ती विझवा, अण्णा आला!" सहाण हसून लोळली. काका थांबले, हात जोडले आणि सुरुवात केली. एकेक शब्द स्पष्ट. पाऊसपाणी झालं, आंब्याचा मोहर झाला, मुंबईची चाकरमानी मंडळी झाली. व्हय महाराजा, व्हय महाराजा. हसू विरलं, तात्यांनीही हात जोडले. मी डोळे पुसत होते.

आणि काका म्हणाले, "बा देवा महाराजा, ही आमची बाय लांब जाऊन लय शिकून आलीय."

"व्हय महाराजा!"

"तिच्या हातनं जगातला सगळा अन्याय दूर होऊ दे."

"व्हय महाराजा!"

"पण त्याच्या आधी, समोरच्याला एक वाक्य तरी पुरं बोलू द्यायची बुद्धी तिला दे रे महाराजा!"

त्यावर जो गजर उठला, तसा त्या सहाणेवर कधी उठला नसेल. आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज माझ्या अगदी मागून आला. वळून बघते तर दर्शनाला आलेले डॉक्टर!