बोर्डावरचा हात

गेमच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात. एक म्हणजे कंट्रोलरच्या बटणांखाली चिवड्याचा चुरा, आणि दुसरी म्हणजे किस्से. चुरा मी दर सोमवारी उदबत्तीच्या काडीनं काढते. किस्से काढायला मात्र समोर कुणी निवांत बसलेलं लागतं. तुम्ही बसलाच आहात, तर सांगते. फक्त आधीच कबूल करते, यातल्या बऱ्याच किश्श्यांत माझीच मान खाली जाते.

मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं गेम पार्लर आहे. चार टीव्ही, चार मशीन आणि एक लांब लाकडी बाक. आमचे हे नोकरीला जातात, म्हणून दुकानात मी बसते. शिक्षण दहावी. पण शाळेत असताना रोजचा सुविचार फळ्यावर मी लिहायची, त्यामुळे अक्षर वळणदार. पुढचं सगळं त्या अक्षरामुळे झालं.

*

सुरुवातीला मला गेममधलं काही कळत नव्हतं. प्रल्हादभाऊ नावाचे एक शेतकरी पहिल्यांदाच आले आणि म्हणाले, "वहिनी, मन रमन असा एखांदा गेम लावून द्या." डब्यावर हिरवंगार चित्र होतं, म्हणून मी तो लावून दिला. म्हटलं, शांत असेल.

अर्ध्या तासानं ते उठून काउंटरपाशी आले. "वहिनी, आठ दिवस सोयाबीनची सोंगणी करून इथं आलो. अन् तुमी मले पुन्हा नांगरच धरायले लावला."

शेतीचाच गेम होता तो. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना दोनदा चहा पाजला. आता हा माणूस परत येत नाही, असं मी घरी सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शटर उघडलं तर प्रल्हादभाऊ बाहेर उभे. "काल पेरलं होतं ना," ते म्हणाले, "उगवलं काय, पाहाले आलो."

*

त्यानंतर मी दाराशी एक पांढरा बोर्ड लावला. नवीन गेम आला की तो कसा आहे हे दोन ओळींत लिहायचं. काय लिहायचं हे रविवारी दुपारी आमचा बाक ठरवायचा. बाकावर कायमचे तिघं. वानखडे सर शाळेत गणित शिकवतात. गजूभाऊ एस.टी.त कंडक्टर आहेत. आणि अशफाकभाई, त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिघंही चाळिशीच्या पुढचे. गेमवर बोलताना मात्र लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारखे भांडतात.

वानखडे सरांचा इंटरनेटवरच्या गेम सांगणाऱ्या लोकांवर भारी राग. हे लोक कंपन्यांकडून भेटी घेतात आणि प्रत्येक गेमला दहापैकी नऊ देतात, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी ते वहीच घेऊन आले. एका प्रसिद्ध माणसानं कोणत्या गेमला किती गुण दिले, ते त्यांनी लाल पेनानं उतरवून आणलं होतं. सगळीकडे नऊ.

"याले तपासणं म्हणत नाहीत," सर म्हणाले. "माह्या वर्गात मी समद्याईले नव्वद मार्क देल्ले तं सायब लोक मलेच चौकशीले बोलावतीन."

गजूभाऊंनी शांतपणे विचारलं, "सर, औंदा तुमच्या वर्गाचा निकाल किती लागला?"

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. "शंभर टक्के," म्हणाले, आणि वही मिटली.

*

आता माझ्या लाजेचा पहिला मोठा किस्सा.

एका गाजलेल्या गेमच्या दुसऱ्या भागाची सगळे वाट बघत होते. गजूभाऊंना बसमधल्या एका प्रवाशानं सांगितलं की तो दिवाळीला येणार. मी बोर्डावर लिहिलं, 'ऐकण्यात असं आलं आहे की दुसरा भाग दिवाळीला येईल.' त्याच दुपारी गजूभाऊ बोर्डाला पाठ टेकून उभे राहिले आणि 'ऐकण्यात असं आलं आहे की' एवढं त्यांच्या शर्टावर गेलं. माझ्या लक्षात आलं. संध्याकाळी लिहू म्हटलं आणि विसरले.

चार दिवसांनी गजूभाऊ धावतच आले. हातात गावातलं एक साप्ताहिक. "वहिनी, पक्कं झालं. पेपरात आलं."

बातमीत लिहिलं होतं, 'मंगरूळपीर येथील जाणकारांच्या माहितीनुसार...'

सरांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "पहा, याले पत्रकारिता म्हणतात. जाणकाराईले विचारलं त्यानं."

बातमी आमच्याच बोर्डावरून उचललेली, आणि जाणकार म्हणजे गजूभाऊंची पाठ, हे मला कळलं होतं. तरी पंधरा दिवस माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. दिवाळी आली, गेम आला नाही, तेव्हा सांगितलं. सर रागावले नाहीत, पण त्यांनी नियम केला. ज्यानं स्वतःच्या हातानं गेम खेळला त्यानंच बोर्डावर लिहायचं. मी तो नियम बोर्डाच्या वरच्या कडेला लाल अक्षरात लिहिला. लोक येता-जाता वाचायचे. वाशीमहून कोर्टाच्या कामाला आलेला एक माणूस बोर्डाचा फोटो काढून घेऊन गेला, तेव्हा आम्ही आठवडाभर जमिनीवर नव्हतो.

*

अशफाकभाईंबद्दल थोडं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी लोखंडी गेट अंगावर आलं आणि त्यांचा डावा हात गेला. म्हणजे हात आहे, पण बोटं मिटत नाहीत. त्याआधी आमच्या दुकानात त्यांना कुणी हरवत नसे. त्यांची मुलगी सानिया अकोल्याला नर्सिंग शिकते. ती लहान असल्यापासून बाप-लेक रविवारी शेजारी बसून खेळायचे. अपघातानंतर ते बंद झालं.

अशफाकभाई बाकावर यायचे, वाद घालायचे, पण कंट्रोलर हातात घेत नसत. नवीन गेम आला की एकच प्रश्न विचारायचे. "भाभी, एका हातानं जमते काय? दोघाईले खेळता येईन असा?"

म्हणून मी बोर्डावर एक खूण सुरू केली. एका हातानं जमत असेल तर ओळीच्या शेवटी छोटासा पंजा काढायचा. तपासायचं कसं? तर मी डावा हात पदराखाली कमरेला खोचायची, कंट्रोलर मांडीवर ठेवायची आणि उजव्या हातानं खेळून बघायची. जमलं तरच पंजा.

एकदा मी अशी दात-ओठ खात खेळत असताना शेजारच्या शांताबाईंनी दारातून पाहिलं. हात लुळा, तोंड वाकडं. त्या तशाच मागे फिरल्या आणि तासाभरात तीन बायका तेलाची वाटी घेऊन आल्या.

"कधीपासून होऊन राह्यलं असं?" शांताबाईंनी विचारलं.

या वयात मी गेम खेळत होते, हे त्या तिघींसमोर सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "सकाळपासून."

चार दिवस मी माझ्या धडधाकट हाताची मालिश करून घेतली. पाचव्या दिवशी शांताबाई म्हणाल्या, "पाह्य, आला का नाई फरक?" आणि मला हो म्हणावं लागलं.

*

मग खुर्ची आली.

अकोल्याहून गेमचा माल देणारा एक माणूस गाडीतून खुर्ची घेऊन आला. लाल-काळी, उंच पाठीची, मानेला उशी असलेली. म्हणाला, "ताई, तुमच्या बोर्डाचं नाव ऐकलं. दोन आठवड्यांनी होड्यांच्या शर्यतीचा गेम येतोय. तो यायच्या आधीच चांगलं लिहिलं तर खुर्ची तुमची." मोबाईलवर त्यानं व्हिडिओ दाखवला. निळं पाणी, दोन होड्या, शेजारी-शेजारी दोन खेळाडू.

मी विचारलं, "एका हातानं जमतो?"

"सेटिंगमध्ये सगळी सोय असते ताई," तो म्हणाला.

रविवारी बाकावर विषय काढला, माझ्या मोबाईलवर तो व्हिडिओही दाखवला. मला वाटलं सर त्या माणसाला खुर्चीसकट परत पाठवतील. सर खुर्चीभोवती एक चक्कर मारून आले. "नुसतं बसून पाहतो," म्हणाले. बसले. मागे रेलले. डोळे मिटले.

गजूभाऊंनी विचारलं, "काय म्हणता सर?"

सर डोळे न उघडता म्हणाले, "व्हिडिओवरून तरी गेम वाईट वाटत नाही."

आम्ही हसलो. मीही हसले. अशफाकभाई त्या दिवशी नव्हते. दुपारी चारला मी मार्कर घेतला आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'होड्यांची शर्यत. उत्तम. दोघांना खेळता येतो.' आणि शेवटी पंजा काढला. वरती तो लाल नियम होता. त्याच्याकडे न बघता काढला.

*

सोमवारी अशफाकभाई बोर्डासमोर किती वेळ उभे होते, ते मी काउंटरवरून पाहत होते. आत येऊन त्यांनी फक्त एवढं विचारलं, "भाभी, शनिवारी येते ना हा? सानियाले बोलावून घेतो."

तेव्हा सांगता आलं असतं. मला वाटलं, सेटिंगमध्ये असेलच.

शनिवारी सकाळी डिस्क आली, पण दुकानात गर्दी होती. तपासायचं राहिलं. दुपारी बाप-लेक आले. अशफाकभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सानियानं बॅग बाकाखाली सरकवली आणि म्हणाली, "काकू, तीन साल बाद बैठ रहे हम दोनों." मी त्यांना दोन टीव्हींच्या मधली चांगली जागा दिली. अशफाकभाईंना ती खुर्ची दिली.

होडी पुढे जायला डाव्या बाजूचं एक बटण सतत दाबून धरावं लागत होतं. ते सोडलं की शीड पडायचं. मी सेटिंग उघडलं, एकदा, दोनदा. तशी सोय कुठेच नव्हती.

अशफाकभाईंनी कंट्रोलर मांडीवर घेतला, गुडघ्याला टेकवला, हनुवटीनं दाबून पाहिला. त्यांची होडी एकाच जागी गोल-गोल फिरत होती. सानियाची होडी लांब गेली.

"अब्बू, आओ ना," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

"तू आगे जा," अशफाकभाई म्हणाले. "मैं जरा मछली देख रहा."

"जानबूझके कर रहे तुम. मेरेकू जितवाने के लिए."

अशफाकभाई हसले. "समझ गई क्या?"

ती जिंकली. दोन्ही हात वर करून ओरडली. जाताना अशफाकभाई काउंटरपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "गेम चांगला हाय भाभी. माह्याच हाताची सवय गेली."

*

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी दुकान उघडलं आणि त्या ओळीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वरचं खोटं आहे. हा गेम मी खेळले नव्हते. खुर्चीसाठी लिहिलं. एका हातानं जमत नाही.'

सरांनी ते वाचलं. आत येऊन सवयीनं खुर्चीत बसले, मग उठून बाकावर जाऊन बसले. गजूभाऊंनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

साडेबाराला अशफाकभाई एकटेच आले. बाहेर उभं राहून त्यांनी बोर्ड वाचला. मी काउंटर सोडून त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "भाई, माझं चुकलं. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, खालचं पुसा."

"काहून? खरं आहे ते."

"खरं हाय. पण सानियाची गाडी एकची हाय. तुमाले भेटून जातो म्हणाली. आता येते ती." त्यांनी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. "तिले वाटते, मी तिले जिंकू देल्लं. वाटू द्या ना."

फडकं आणायला आत जायला वेळ नव्हता. मी पदरानं पुसलं. ओळ गेली. वरची तशीच राहिली.

सानिया बॅग घेऊन आली. बोर्डासमोर थांबली. ती ओळ तिनं शेवटच्या पंज्यापर्यंत नीट वाचली, मग मोबाईल काढून बोर्डाचा फोटो घेतला.

"काकू," ती म्हणाली, "आमच्या होस्टेलवर सगळ्याजणी म्हणतात, गेमबद्दल कोणीच खरं लिहीत नाही. त्याईले पाठवते हा. म्हणते, आमच्या गावात एक बोर्ड हाय."

अशफाकभाईंनी तिची बॅग उजव्या हातात घेतली. मी पदर मुठीत धरून उभी होते. सानियानं विचारलं, "काकू, खाली काही लिहिलं होतं काय? ओलं दिसते."

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही," अशफाकभाई म्हणाले.